तांडेलबाईंचे वीस देश

तांडेलबाई रोज सकाळी देवांना हळदकुंकू वाहायच्या आणि चिमटीत उरलेलं कुंकू दक्षिण अमेरिकेला लावायच्या.

घाटकोपरला आमच्या दाराला लागूनच त्यांचं दार. आत देवघराशेजारच्या भिंतीवर शाळेतून बाद झालेला जगाचा नकाशा टांगलेला. घडीवर भोक पडून त्यातून अर्धा इजिप्त गेला होता, पण बाईंना इजिप्तशी कर्तव्य नव्हतं. ज्या ज्या देशात स्पॅनिश बोलतात, त्या देशाला रोज कुंकवाचं एक बोट. मेक्सिको, क्यूबा, पेरू, चिली. स्पेनला दोन बोटं, कारण ते माहेर. एवढा ऐसपैस ब्राझील मात्र कोरा. ह्याला का नाही, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "ते आपल्यातले नाहीत. ते गोव्याकडचे."

ही सत्तर-एकाहत्तरची गोष्ट. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते, लग्न होऊन नुकतीच घाटकोपरला आले होते, आणि मला येत नाही असं जगात काही उरलेलं नव्हतं. इंग्रजी घेऊन बी.ए. केलं होतं ना. भाजी आणायला जातानासुद्धा काखेत इंग्रजी कादंबरी असायची, कव्हर बाहेरच्या बाजूला. ती कादंबरी मी बावन्नाव्या पानापुढे कधीच वाचली नाही, हे माझ्या नातवंडांनाही आज पहिल्यांदाच कळेल.

तांडेलबाई मूळच्या खारदांड्याच्या, कोळ्यांच्या घरातल्या. शाळेत टिकलेली घरातली पहिली मुलगी. फायनल झाल्या, मास्तरीण झाल्या, आणि तीस वर्षं भूगोल अन् मराठी शिकवून रिटायर झाल्या. नवरा लवकर गेला. एकुलता एक वसंता मालवाहू बोटीवर कामाला. बाईंचं मराठी म्हणजे कडक इस्त्रीचं. दारावर मासे घेऊन आलेल्या कोळणीलाही त्या "ही कोळंबी आजची आहे, हे आपण खात्रीपूर्वक सांगू शकता काय?" असं विचारायच्या. ती बिचारी पाटी उचलून खालच्या मजल्यावर जायची. आणि कुणी काही चुकीचं बोललं की बाईंची उजव्या हाताची तर्जनी आपोआप वर. "पुन्हा." बस्स, एवढंच. आमच्या सासूबाई, दूधवाला, मीटर बघायला येणारा माणूस, सगळ्यांना "पुन्हा."

तर नाताळाच्या सुमाराला वसंताचं पत्र आलं. एरवी त्याची पत्रं चार ओळींची असत आणि त्यातल्या दोन हवेबद्दल. ह्या वेळी मात्र पानभर मजकूर आणि सोबत फोटो. त्यानं पेरूच्या एका बंदरात लग्न केलं होतं, तेही आज-काल नाही, पाच वर्षांपूर्वी. बायकोचं नाव एलेना. चार वर्षांची मुलगी, रोसा. पुढच्या दिवाळीनंतर दोघींना आणून सोडतो, असं त्यानं लिहिलं होतं. त्याला लगेच बोटीवर परतावं लागेल. तीन महिन्यांनी येईन. त्यांना करमलं तर राहतील, नाही करमलं तर परत घेऊन जाईन. एलेनाला स्पॅनिश येतं, दुसरं काही कळणार नाही.

बिल्डिंगीतल्या बायका पडलेले चेहरे करून समाचाराला आल्या. मीही गेले, सगळ्यांत पडलेला चेहरा करून. बाई फोटो हातात धरून बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "कुसुम, हातात किती महिने आहेत?"

मी बोटं मोजली. दहा.

"पुरेत," बाई म्हणाल्या.

मी लगेच माझी विद्या पाजळली. बाई, कशाला त्रास घेता, इंग्रजी जगभर चालतं, मी आहे की दुभाषी. त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मला माझा तिसरीतला गृहपाठ आठवला. "माझी नात मला काही सांगेल आणि मी शेजारणीकडे बघू? मग आजी कोण, मी की तू?"

त्या दिवसापासून कुंकू सुरू झालं. नकाशासमोर उभं करून त्या मला समजावून सांगायच्या की ही भाषा एवढीशी होती, स्पेनच्या एका कोपऱ्यातली. आणि आज बघ, वीस देश. "भाषा जहाजातून जाते, कुसुम. त्यांची मोठी जहाजं होती, म्हणून ती अर्धं जग ओलांडून गेली. आमची होडी होती. आमची अलिबागपर्यंत गेली." हे सांगताना त्यांचा आवाज अभिमानानं भरून यायचा. जणू ती जहाजं दांड्याहूनच सुटली होती.

शिकायचं कुठून, हा प्रश्न होता. फोर्टातल्या फुटपाथवर बाईंना एक जुनं पुस्तक मिळालं, इंग्रजीतून स्पॅनिश शिकवणारं. त्याची पहिली चाळीस पानं गायब. त्यामुळे 'नमस्कार', 'कसे आहात', 'तुमचं नाव काय' हे सगळं वाळवीच्या पोटात, आणि पुस्तक सुरूच व्हायचं ते एकदम रेल्वे स्टेशनवर. पहिल्या महिनाभरात बाईंना स्पॅनिशमध्ये ट्रंक हरवता येऊ लागली, हमालाशी हुज्जत घालता येऊ लागली, पण कुणाची खुशाली विचारता येईना.

दुसरा गुरू म्हणजे विक्रोळीचा मिंगेल, बोटीवरचा रिटायर आचारी. त्यानं पंधरा वर्षं दक्षिण अमेरिकेच्या बंदरांत कांदे चिरले होते. त्याचं स्पॅनिश खणखणीत, पण सगळं हुकुमाचं. झाकण काढ, पाणी टाक, तो दोर कोण ओढणार, तुझा बाप? बाईंनी हे सगळं वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं. तिसरा गुरू रेडिओ. पहाटे उठून शॉर्टवेव्हच्या खरखरीतून त्या माद्रिद शोधायच्या आणि बातम्या देणाऱ्या बाईच्या मागोमाग मोठ्यानं बोलायच्या. आमची भिंत एक विटेची. आमचे हे उशी कानावर घेऊन म्हणायचे, "तुझ्या मैत्रिणीला सांग, माद्रिदला पाऊस पडतोय हे मला कळलं."

पण बोलायला दुसरं माणूस लागतं. म्हणून बाईंनी क्लास काढला. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी चार ते पाच, कारण पाचला नळाला पाणी यायचं. फी नाही, पण गैरहजेरी चालणार नाही. सहा बायका. मी सगळ्यांत पुढे बसायचे, कारण मला हे अर्ध्या तासात येणार याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. दोन महिन्यांत तळमजल्यावरची, चौथी शिकलेली पारूबाई माझ्यापुढे गेली. मी तिला सांगितलं की फार शिकलेल्या माणसाला नवीन भाषा उशिरा येते. ती म्हणाली, मग तुला कधीच येणार नाही.

बाईंचं 'पुन्हा' आता 'ओत्रा वेस' झालं होतं. सगळा जिना 'ओत्रा वेस'नं दुमदुमायचा. पोरं गोट्या हरली की 'ओत्रा वेस' म्हणायची.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तर कहर झाला. बाईंचा फतवा निघाला की प्रत्येकीनं नवऱ्याचं नाव स्पॅनिश उखाण्यात घ्यायचं, त्याशिवाय वाण मिळणार नाही. वाण म्हणजे प्लॅस्टिकची साबणदाणी, पण तेव्हा ती अप्रूपाची होती. क्लास जेमतेम दहा दिवसांचा, सगळ्या स्टेशनाच्या धड्यात अडकलेल्या. माझी पाळी आली. मी पदर सावरला, मान किंचित तिरपी केली आणि खड्या आवाजात म्हटलं, अर्थातच स्पॅनिशमध्ये: माझी ट्रंक फार जड आहे, हमालाला बोलवा, गाडी केव्हा सुटते, अरविंदरावांचं नाव घेते. बायकांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाईंचे डोळे पाणावले; त्यांना वाटलं, सुनेनं काहीतरी फार सोज्वळ म्हटलं. बाईंनी मार्क दिले, दहापैकी चार. "हमाल बरा झाला. अरविंदराव घाईत गेले."

असे दहा महिने गेले. हसू नका, त्यांना खरंच स्पॅनिश आलं. दिवाळीपर्यंत मिंगेल स्वतः म्हणाला की ह्या बाईसमोर मला तोंड उघडायची लाज वाटते, ही बिशपसारखी बोलते.

मग त्या दोघी आल्या.

एलेना बुटकी, रुंद गालांची, दोन लांब वेण्या घालणारी. रोसा आईच्या घेरदार झग्यात शिरलेली, बाहेर फक्त एक डोळा. दारात भाकरतुकडा ओवाळून झाला आणि बाईंनी स्वागताचं भाषण केलं. नऊ वाक्यं, एकही चूक नाही. माद्रिदच्या रेडिओवर लावावं असं. आम्ही सहाजणी मागे उभ्या, अभिमानानं फुगलेल्या. एलेनानं पूर्ण ऐकून घेतलं, मान खाली घातली आणि म्हणाली, "सी, सेन्योरा." होय, बाईसाहेब.

त्यानंतरचा दीड महिना ती तेवढंच म्हणत होती. चहा घेशील? सी, सेन्योरा. बरं वाटतं ना इथे? सी, सेन्योरा. बाई एखादा प्रश्न विचारायला लागल्या की ती हातातलं काम टाकून उठून उभी राहायची. रोसा तर मुकीच. आजीनं बाहुली आणली, चिक्की आणली, कुशीत घ्यायला गेली, की पोर झग्यात. वसंता आठ दिवसांत बोटीवर निघून गेला होता, त्यामुळे मधे बोलणारं कुणी नाही. मीही माझ्या परीनं मदत केली. म्हणजे एलेनाच्या समोर बसून सावकाश, मोठ्यानं इंग्रजी बोलले. पुरेसं ओरडलं तर इंग्रजी कुणालाही कळतं, अशी माझी तेव्हा समजूत होती. ती मलाही सी, सेन्योरा म्हणाली.

बाईंनी हार मानली नाही. त्यांना वाटलं, आपलंच स्पॅनिश कमी पडतंय. पहाटेचा रेडिओ अर्ध्या तासावरून दीड तासावर गेला. नवी वाक्यं पाठ केली, उच्चार घासूनपुसून लखलखीत केले. जितकं त्यांचं स्पॅनिश सुधारलं, तितकी ती पोरगी अंग चोरत गेली. तीन महिन्यांतले निम्मे संपले होते. एके दिवशी बाई मला म्हणाल्या, "कुसुम, घरात तीन माणसं आहेत आणि मी रेडिओशी बोलते." मी विषय बदलला. मला त्या वयात दुसऱ्याचं दुःख आलं की विषय बदलता यायचा.

मग ती दुपार. आम्ही दोघी बाजारातून परत आलो. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून हसण्याचा आवाज येत होता, लहान पोराचं पोट धरून हसणं असतं ना, तसं. बाई दारातच थबकल्या. स्वयंपाकघरात एलेना खाली बसून रोसाच्या केसांतून फणी फिरवत होती, उवा मारत होती, आणि बोलत होती. भडाभडा बोलत होती. रोसा मधेच वळून काहीतरी सांगायची, हात नाचवायची, परत हसायची. दीड महिन्यात चार शब्द बोललेली पोर. आणि ती भाषा स्पॅनिश नव्हती. हे मलासुद्धा कळलं, म्हणजे बघा. घशाच्या तळातून निघणारे खरखरीत आवाज, माद्रिदला कधी न ऐकलेले.

बाईंच्या हातातली पिशवी कलंडली. एलेनानं वर पाहिलं आणि ताडकन उभी राहिली. बाईंनी स्पॅनिशमध्ये विचारलं, ही कुठली भाषा? रागावून नव्हे, पण त्यांचा आवाज वर्गातलाच होता, दुसरा त्यांच्याकडे नव्हता.

त्या एकोणतीस-तीस वर्षांच्या बाईनं दोन्ही हात पुढे केले. तळवे वर. डोळे मिटलेले. हळू आवाजात काहीतरी म्हणाली.

तिचं बोलणं बाईंनी मला नंतर सांगितलं. ही भाषा नाही, सेन्योरा. डोंगरातलं बोलणं आहे, आमच्या आज्यांचं. परत नाही बोलणार.

बाई पुढे गेल्या. ते दोन्ही तळवे त्यांनी आपल्या हातांनी मिटले आणि मुठी तशाच धरून ठेवल्या. मग तिथेच, उवांच्या फणीशेजारी, जमिनीवर बसल्या. मी मूर्खासारखी म्हणाले, "म्हणजे बाई, दहा महिने फुकट गेले?"

"हे हात मी ओळखते," बाई म्हणाल्या. "तीस वर्षं मी पोरांना असे हात पुढे करायला लावलेत. दांड्याची पोरं वर्गात घरचं बोलली की एक छडी. माझ्या मास्तरांनी मला मारली, मी पोरांना मारली." फणी त्यांनी बाजूला सारली. "भाषा जहाजातून जाते असं मी तुला सांगत होते ना? जहाज बंदरापर्यंतच जातं, कुसुम. वर डोंगरात ती छडीनं गेली."

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी दोघींना तयार केलं आणि मलाही चल म्हणाल्या. दोन बस बदलून आम्ही खारदांड्याला गेलो. तिथे बाईंची थोरली बहीण हिराबाय, बांबूच्या मांडवाखाली बसून ओले बोंबील निवडत होती. बाई वर्षातून एकदा नारळी पौर्णिमेला तिथे जायच्या, शुद्ध मराठीत बहिणीची विचारपूस करायच्या, आणि बहीण त्यांना "या मास्तरीणबाई" म्हणून पाट द्यायची. आज बाई पाटावर बसल्या नाहीत. बहिणीच्या समोर उकिडव्या बसल्या, टोपलीत हात घातला आणि बोलायला लागल्या. दांड्याच्या बोलीत. सुरुवातीला अडखळत, शब्द शोधत, मग एकदम भरधाव. मला त्यातलं अर्धंच कळलं. हिराबाय हातातला बोंबील तसाच धरून बघत राहिली. मग म्हणाली, "वाट गावली गो बाय तुना?" आणि पदर तोंडाला लावला.

एलेना हे सगळं उभ्यानं बघत होती. इस्त्रीच्या पातळातली, बिशपसारखी बोलणारी सेन्योरा माशांत कोपरापर्यंत हात घालून, खिदळत, कुठल्याशा वेगळ्याच सुरात बोलत होती. तिनं वाकून स्पॅनिशमध्ये काहीतरी विचारलं. दीड महिन्यात तिनं विचारलेला पहिला प्रश्न. बाईंनी उत्तर दिलं. मला नंतर कळलं की तिनं विचारलं होतं, ही तुमच्या घरची बोली? आणि बाई म्हणाल्या होत्या, हो, पन्नास वर्षांपूर्वी लपवून ठेवली होती, अजून आहे का बघायला आले.

एलेना वेण्या मागे टाकून त्यांच्या शेजारी बसली आणि बोंबील निवडू लागली. डोंगरातली बाई, तिला त्यातलं काही येत नव्हतं. हिराबायनं तिच्या हाताला धरून दाखवलं.

परतीच्या बसमध्ये रोसा आजीच्या मांडीवर झोपली. खिडकीशी एलेना बसली होती. तिनं बाहेर उडणाऱ्या बगळ्यांकडे बोट दाखवून एक शब्द उच्चारला. बाईंनी तो म्हणून बघितला. एलेनानं मान हलवली आणि अगदी हळू, भीत भीत म्हणाली, "ओत्रा वेस." बाईंनी पुन्हा म्हटला. पुन्हा चुकला. साठीला टेकलेल्या बाई बोटांवर मोजून एकेक शब्द घोकत होत्या, मागे पुस्तक नाही, रेडिओ नाही, मिंगेल नाही. मी विचारलं, बाई, ही किती देशांत बोलतात?

"विचारलं नाही," त्या म्हणाल्या. "मधे बोलू नकोस, माझा चौथा शब्द गेला."

पुढचा दीड महिना क्लास बंद होता. बाईंना वेळ नव्हता.

वसंता ठरल्याप्रमाणे आला. सकाळी दहाच्या सुमाराला बॅग घेऊन जिना चढला आणि स्वतःच्याच दारासमोर उभा राहिला. मी शेवग्याच्या शेंगा सोलत उंबऱ्यावर बसले होते. आत तिघींचा गलका चालला होता. त्यानं कान देऊन ऐकलं, मग माझ्याकडे वळला. "वहिनी, आत कोण पाहुणे आलेत? कुठली भाषा ही?"

सहा वर्षांत त्यानं बायकोच्या तोंडून ती कधी ऐकलीच नव्हती. मी म्हटलं, भावोजी, मी आपली बी.ए., मला काय विचारता? बसा, चहा घ्या. तो माझ्या उंबऱ्यावर टेकला, मी कप आणून दिला. खिशातून परतीची तीन तिकिटं काढून हातात धरली, परत खिशात घातली. असं दोनदा केलं. आत जायचं त्याला धाडस होईना.

शेवटी बाईच बाहेर आल्या. हाताला पीठ होतं. मुलाला बघून थांबल्या, आणि जे बोलल्या ते दांड्याच्या बोलीत बोलल्या. एवढंच, की एलेना राहते म्हणाली. काल रात्रीच म्हणाली. मी विचारलं नव्हतं.

वसंतानं कप खाली ठेवला. शब्द त्याला कळले होते. पण तो आईच्या तोंडाकडे बघत राहिला, परक्या बाईकडे बघावं तसा. "आई, तू अशी बोलतेस?"

"अशीच बोलायचे मी," बाई म्हणाल्या. "तू व्हायच्या आधी. तुझ्याशी बोलायचं राहिलं बघ."

आणि पिठाचे हात तसेच धरून त्याच्या शेजारी, माझ्या उंबऱ्यावर बसल्या. मी शेंगा उचलल्या आणि मुकाट्यानं आत गेले. कुठे थांबू नये एवढं कळायला मला तो दिवस यावा लागला.